टोपलीपेक्षा आईची कूस बरी

बारशाच्या आधी बाळाचे फोटोशूट करून घेण्याची पद्धत आता मोठ्या शहरांपुरती राहिलेली नाही. वेताची टोपली, लोकरीची टोपी, दोन्ही तळहातांवर हनुवटी टेकवून झोपलेले बाळ. असे फोटो मोबाइलवर सतत दिसतात आणि आपल्याही बाळाचा तसा फोटो हवा, असे घरातल्यांना वाटते. हौस असण्यात गैर काही नाही. मात्र दहा-पंधरा दिवसांच्या बाळाचे शरीर अशा कसरतीसाठी तयार नसते.

नवजात बाळाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या जवळपास पाव भाग असते. ते पेलण्याचे बळ मानेत यायला साधारण 3 ते 4 महिने लागतात. त्याची श्वासनलिका अरुंद आणि मऊ असते. मान पुढे झुकून हनुवटी छातीला टेकली, तर श्वासाची वाट चेपली जाऊ शकते. अशा वेळी बाळ रडेलच असे नाही. ते नुसते शांत झोपल्यासारखे दिसते. हातांवर हनुवटी टेकवलेला तो लोकप्रिय फोटो जाणकार छायाचित्रकार दोन फोटो जोडून तयार करतात. एका फोटोत कुणीतरी बाळाचे डोके धरलेले असते, दुसऱ्यात मनगटे. धरणारे हात नंतर संगणकावर पुसले जातात. हे माहीत नसताना घरी नक्कल करणे धोक्याचे आहे.

दुसरा प्रश्न तापमानाचा. नवजात बाळाला स्वतःचे तापमान नीट राखता येत नाही. उघडे ठेवले तर ते लवकर गारठते आणि हीटरजवळ ठेवले तर लवकर तापते. फोटो छान यावा म्हणून डोळ्यांत काजळही घालू नये. त्यातून जंतुसंसर्ग होऊ शकतो आणि काही काजळांत शिसेही असते.

मग फोटो काढायचेच नाहीत का? जरूर काढा, पण घरात, रोजचे जे चालले आहे तसेच. नवजात बाळाला 20 ते 30 सेंटिमीटरवरचे त्यातल्या त्यात स्पष्ट दिसते. दूध पिताना आईचा चेहरा साधारण तेवढ्याच अंतरावर असतो. बाळ तिच्याकडे टक लावून पाहते, तो क्षण टिपायला कुठलीही सजावट लागत नाही. आंघोळीनंतर दुपट्यात गुंडाळलेले बाळ, खांद्यावर घेऊन ढेकर काढणारे बाबा, आजीच्या मांडीवरचे मालिश, हे सगळे फोटोच आहेत.

खिडकीतून बाजूने येणारा उजेड पुरेसा असतो. साध्या फ्लॅशने बाळाच्या डोळ्यांना इजा होते, याला आधार नाही. पण ते दचकते, म्हणून फ्लॅश बंदच ठेवावा. मोबाइल किंवा कॅमेरा बाळाच्या थेट वर धरू नये, हातातून निसटू शकतो. फोटो काढणाऱ्याने आधी साबणाने हात धुवावेत. सर्दी-खोकला असेल तर त्या दिवशी येऊच नये. बाळाला भूक लागली की कॅमेरा बाजूला ठेवावा.

या फोटोंत आई मात्र हवीच. एकोणिसाव्या शतकात फोटोसाठी काही सेकंद स्थिर राहावे लागे. तेव्हा युरोप-अमेरिकेत आईला कापडाखाली झाकून, तिच्या मांडीवर बाळाला बसवून फोटो काढत. आज असे कापड लागत नाही, तरी आई फोटोतून गायब असते. एक तर फोटो तीच काढत असते किंवा ‘माझा अवतार बघा’ म्हणून बाजूला होते. बाळंतपणानंतर गर्भाशय पूर्ववत व्हायलाच सुमारे 6 आठवडे लागतात. सुटलेले पोट, अपुरी झोप, विस्कटलेले केस यात लाजण्यासारखे काही नाही. तरीही फोटो काढण्याआधी आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकण्याआधी तिला विचारावे. स्तनपानाच्या फोटोबाबत तर नक्कीच.

तिला हसण्याचा आग्रहही नको. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येणे नेहमीचे आहे. मात्र उदासी 2 आठवड्यांहून अधिक टिकली, बाळाजवळ जावेसे वाटेना किंवा बाळ झोपले तरी तिला झोप लागेना, तर डॉक्टरांना दाखवावे. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर एक दिवसही थांबू नये. कॅमेऱ्यासमोर आणलेले हसू पाहून घरच्यांनी निर्धास्त होऊ नये.