वर्गणीसाठी नाच-गाण्याची रात्र ठरवताना

पिंप्राळ्यात आषाढी एकादशीची तारीख धरूच नका. त्या दिवशी विठ्ठलाचा रथ निघतो, सगळा गाव रथाबरोबर असतो. मंडळ नोंदणीकृत नसेल, तर पावतीपुस्तक छापण्याआधी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून कलम ४१-क ची परवानगी घ्या. उघड्या मैदानावर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक चालत नाही. वर्षातल्या जास्तीत जास्त १५ दिवसांनाच सरकार १२ पर्यंत सूट देऊ शकतं. म्हणून वादक सातलाच मंचावर हवेत, भाषणं अगदी थोडकी. बँड तर बोलवाच, पण धुळ्याकडचा पावरीवाला मिळाला तर सोडू नका. सुक्या भोपळ्याचं ते वाद्य गाल फुगवून फुंकत तो स्वतःही नाचतो, आणि बघता बघता आज्यासुद्धा फेर धरतात. वर्गणीची पेटी तेव्हाच फिरवावी.