जुन्या कोल्टच्या मुठीला सँडपेपर लावू नका

जुनं रिव्हॉल्व्हर हाती आलं की पहिला मोह होतो मूठ चकाचक करायचा. कृपा करून तो आवरा!

१८७३ सालचं कोल्ट सिंगल अ‍ॅक्शन आर्मी घ्या. अमेरिकी सैन्याकडे गेलेल्या नगांना अक्रोडाच्या लाकडाची एकसंध मूठ असे. तिच्या बाजूवर सरकारी तपासनिसाच्या आद्याक्षरांचा शिक्का मारलेला असतो. तो लाकडात जेमतेम रुतलेला. सँडपेपरचे चार हात फिरले की कायमचा गेला. मूठ उतरवल्यावर आतल्या खाचेत कधीकधी शाईने लिहिलेला सिरियल नंबरही दिसतो. तो फ्रेमवरच्या नंबरशी जुळला, तर मूठ मूळचीच असल्याचा याहून चांगला पुरावा मिळणं कठीण.

१८८० च्या दशकापासून आलेल्या कडक रबराच्या मुठींची तऱ्हा वेगळी. गंधक घालून घट्ट केलेलं हे रबर उन्हाने तपकिरी पडतं आणि ठिसूळ होतं. त्यावर काळा रंग फासणं मला अजिबात पटत नाही. अशी मूठ काढताना कडेला स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, टवका उडेल. स्क्रू थोडा सैल करा आणि त्याच्या डोक्यावर हलकेच दाबा; पलीकडची पट्टी आपोआप सुटते.

मूठ फुटलेलीच असेल तर? खुशाल नवी प्रतिकृती बसवा, पण जुने तुकडे जपून ठेवा आणि विकताना सोबत द्या. सुस्थितीतल्या लाकडाला मऊ कापड आणि मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात पुरे.