आधी हेतू, मग कॅमेरा

भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या होमाई व्यारावाला (१९१३-२०१२) यांचे शिक्षण मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत झाले. १९४२ साली त्या दिल्लीस आल्या आणि सत्तांतराचे अनेक क्षण त्यांनी टिपले. त्यांच्या रोलीफ्लेक्स कॅमेऱ्याची लेन्स बदलता येत नसे आणि एका रोलवर केवळ बारा छायाचित्रे निघत. साधने मर्यादित होती. काय टिपावयाचे, हे मात्र निश्चित होते.

आज दिल्लीच्या चांदणी चौकातील कूचा चौधरी या कॅमेरा बाजारात शिरणाऱ्या हौशी ग्राहकाची अडचण नेमकी उलट असते. साधने असंख्य, पण हेतू अस्पष्ट. परिणामी कष्टाच्या बचतीतून घेतलेला महागडा कॅमेरा वर्षभरात कपाटात जाऊन बसतो.

लेन्सची निवड

हुमायूनच्या कबरीसारखी भव्य वास्तू टिपण्यास रुंद कोनाची लेन्स लागते. (केंद्र-संरक्षित स्मारकांत तिपाई वापरण्यास पुरातत्त्व खात्याची परवानगी आवश्यक असते, हेही ध्यानात ठेवावे.) गुरुग्रामजवळील सुलतानपूरच्या पाणथळीवरील पक्ष्यांसाठी ४०० मि.मी. किंवा त्याहून अधिक अंतराची लेन्स हवी. घरातील समारंभ आणि मुलाबाळांची छायाचित्रे यांना ५० मि.मी., एफ १.८ ही तुलनेने स्वस्त लेन्स उत्तम. मंद प्रकाशातही ती उपयोगी पडते.

कॅमेऱ्याची बॉडी काही वर्षांत जुनी होते. चांगली लेन्स मात्र त्याच माउंटच्या पुढील कॅमेऱ्यावरही चालते. म्हणून अंदाजपत्रकाचा मोठा वाटा लेन्सवर खर्चणे शहाणपणाचे. मेगापिक्सेलच्या मोहाबाबत साधा हिशेब पुरे. ८ × १२ इंचांच्या उत्तम छपाईस इंचाला ३०० बिंदू धरले, तर २४०० × ३६०० म्हणजे सुमारे ८६ लाख पिक्सेल लागतात. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा याच्या जवळजवळ तिप्पट देतो.

पावतीचे मोल

'बिलाशिवाय स्वस्त' हा सौदा पुष्कळदा महागात पडतो. अशा वस्तूस भारतातील उत्पादकाची हमी बहुधा मिळत नाही, आणि चोरी वा अपघात झाल्यास विम्याचा दावा करणेही कठीण होते. पावतीवर कॅमेऱ्याचा व लेन्सचा क्रमांक नोंदविलेला आहे, याची खातरजमा दुकानातच करावी.

सॉफ्टवेअर कोणते?

जेपीईजी चित्रात प्रत्येक रंगाच्या २५६ छटा साठविल्या जातात. १४ बिटच्या 'रॉ' फाइलमध्ये १६,३८४. दिल्लीच्या हिवाळ्यातील धूसर सकाळी टिपलेले चित्र फिकट, करडे दिसते. अशा वेळी रॉ फाइलमधील हा जादा साठा उपयोगी पडतो. चित्र न बिघडविता उजेड-सावलीतील भेद वाढविता येतो.

अडोबी कंपनीची लाइटरूम व फोटोशॉप ही सॉफ्टवेअर वर्गणी भरून वापरावी लागतात. मासिक रक्कम किरकोळ भासते. पाच वर्षांची बेरीज करून पाहावी. जिम्प, डार्कटेबल आणि रॉथेरपी ही विनामूल्य उपलब्ध आहेत आणि हौशी छायाचित्रकाराच्या बहुतेक गरजा भागवितात. प्रथम काही महिने त्यांवर हात बसवावा. उणीव जाणवली, तरच वर्गणीचा विचार करावा.

चोरीच्या प्रती मात्र कटाक्षाने टाळाव्यात. ती कायद्याची पायमल्ली तर आहेच, शिवाय अशा प्रतींसोबत घातक प्रोग्राम संगणकात शिरू शकतात. ज्या संगणकावर छायाचित्रे सजवायची, त्याच संगणकावरून अनेक जण बँकेचे व्यवहार करतात. फुकटातल्या सॉफ्टवेअरची किंमत मग थेट खात्यातून वसूल होण्याचा धोका असतो.

जपणूक

सर्व छायाचित्रांच्या किमान दोन प्रती ठेवाव्यात आणि त्यांपैकी एक घराबाहेर सुरक्षित असावी. त्यासाठी लागणाऱ्या हार्ड डिस्कचा खर्च मूळ अंदाजपत्रकातच धरावा. होमाईंचा छायाचित्रसंग्रह दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनकडे सोपविण्यात आला, म्हणून तो इतिहास आजही पाहता येतो. कुटुंबाचा इतिहासही तितक्याच काळजीचा धनी आहे. कॅमेरे बदलतील, सॉफ्टवेअर बदलेल. आजीच्या चेहऱ्यावरील हसू मात्र पुन्हा टिपता येणार नाही.