विहिरीच्या पाण्याची साक्ष देणारे शैवाल

विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी नितळ दिसले, त्याला वास नसला आणि चवही बदललेली नसली, की ते चांगले आहे असा निर्वाळा आपण मनोमन देऊन टाकतो. पूर्वापार चालत आलेली ही पारख कारखाने, कचराभूमी आणि शेतीतील विषारी औषधे यांच्या काळात अपुरी पडते. म्हणूनच भूजलातील विष ओळखण्याची एक निराळी रीत आम्ही या लेखात वाचकांपुढे मांडीत आहोत. या रीतीत साक्षीदार असते ते नुसत्या डोळ्यांना न दिसणारे एक हिरवे शैवाल.

या परीक्षेची गरज का भासते, हे राजस्थानातील उदयपूरजवळच्या बिछडी गावाच्या हकिकतीवरून ध्यानात येईल. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तेथे रंगनिर्मितीसाठी लागणाऱ्या ‘एच-आम्ला’चे उत्पादन झाले. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात नमूद केल्याप्रमाणे सुमारे ३७५ टन आम्लामागे सुमारे २,४४० टन गाळ निघाला. तो उघड्यावर टाकण्यात आला. पावसाच्या पाण्याबरोबर त्यातील विष जमिनीत मुरले आणि आसपासच्या विहिरींचे पाणी गडद तांबूस झाले. माणसे, गुरे आणि शेती या सर्वांनाच ते निरुपयोगी ठरले. ज्याने प्रदूषण केले त्यानेच त्याची किंमत मोजावी, हे तत्त्व न्यायालयाने १९९६ साली या प्रकरणात लागू केले. तरीही पैसे भरण्यात टाळाटाळ होत राहिली आणि २०११ मध्ये सुमारे ३७ कोटी रुपये चक्रवाढ व्याजासह भरण्याचा आदेश न्यायालयाला द्यावा लागला.

बिछडीच्या पाण्याने निदान आपला रंग तरी बदलला, म्हणून गावकरी सावध झाले. परंतु धातू स्वच्छ करण्यासाठी वापरले जाणारे द्रावक, अनेक कीटकनाशके व तणनाशके आणि पाण्यात विरघळलेले कित्येक धातू यांना रंग नसतो. असे पाणी घरात येत राहते आणि कोणाच्याही लक्षात येत नाही.

अशा वेळी आपण पाणी प्रयोगशाळेत पाठवतो. तेथील रासायनिक तपासणी अत्यंत उपयुक्त असते, यात शंका नाही. मात्र तिची एक मर्यादा आहे. जी द्रव्ये शोधण्याचे ठरलेले असते, तीच ती शोधते. यादीत नसलेले विष अहवालातही येत नाही. शिवाय, प्रत्येक द्रव्य स्वतंत्रपणे मर्यादेच्या आत असले, तरी अनेक द्रव्ये एकत्र आल्यावर सजीवावर काय परिणाम होतो, हे आकड्यांवरून सहज कळत नाही. हा प्रश्न एखाद्या सजीवालाच विचारावा लागतो. आपल्या देशातील पर्यावरण नियमांतही ही कल्पना आहे. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत राहिले पाहिजेत, असा सर्वसाधारण निकष त्यांत घातलेला आहे.

माशांप्रमाणेच शैवालही हे काम करते. त्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या एका शैवालाचे नाव आहे राफिडोसेलिस सबकॅपिटाटा. जुन्या ग्रंथांत ते सेलेनास्ट्रम या नावाने आढळते. १९५९ साली नॉर्वेमधील नितेल्वा नदीतून ते वेगळे करण्यात आले आणि तेव्हापासून प्रयोगशाळांत त्याची जोपासना होत आहे. चंद्रकोरीच्या आकाराची त्याची पेशी मिलिमीटरच्या जेमतेम शंभराव्या भागाएवढी असते. सूर्यप्रकाशाच्या बळावर अन्न तयार करणाऱ्या या पेशी झपाट्याने वाढतात, आणि पाण्यात विष असेल तर ही वाढ मंदावते. साऱ्या परीक्षेचे मर्म एवढेच आहे.

आता परीक्षेची पद्धत पाहू. विहिरीचे पाणी गाळून त्यातील इतर सूक्ष्म जीव काढले जातात. काही काचपात्रांत ते जसेच्या तसे, तर इतरांत स्वच्छ पाणी मिसळून पायरीपायरीने पातळ करून घेतले जाते. तुलनेसाठी काही पात्रांत केवळ स्वच्छ पाणी असते. अन्नाअभावी वाढ खुंटू नये म्हणून सर्व पात्रांत सारखीच पोषकद्रव्ये घालतात. मग प्रत्येक मिलिलिटरमध्ये पाच ते दहा हजार पेशी सोडून पात्रे २१ ते २४ अंश सेल्सिअस तापमानात, अखंड प्रकाशात, ७२ तास ठेवली जातात. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने २००६ मध्ये सुधारलेल्या पद्धतीनुसार, स्वच्छ पाण्यातील शैवाल या काळात किमान १६ पट वाढलेच पाहिजे. तसे न झाल्यास परीक्षाच बाद ठरते.

वाढीचा वेग निम्म्यावर आणण्यासाठी विहिरीच्या पाण्याचे किती प्रमाण पुरले, हे शेवटी काढले जाते. शंभरात दहा भाग पुरत असतील तर विष तीव्र मानावे. ऐंशी भाग लागत असतील तर ते त्यामानाने सौम्य होय.

भूजलाच्या बाबतीत काही खबरदारी आवश्यक असते. जमिनीखालून आलेल्या पाण्यातील लोह हवेशी संबंध येताच तांबड्या गाळाच्या रूपाने खाली बसते. उडून जाणारी द्रावके उघड्या बाटलीत टिकत नाहीत, म्हणून बाटली काठोकाठ भरून घट्ट बंद करावी लागते. समुद्रकाठच्या विहिरीत खारे पाणी शिरले असेल, तर त्या क्षारांनीही गोड्या पाण्यातील शैवाल खुंटते. त्यामुळे क्षारतेची मोजणी आधी करणे इष्ट ठरते.

विषाचा माग काढण्यासही हीच परीक्षा साहाय्य करते. पाणी सक्रिय कोळशातून गाळल्यावर शैवाल पुन्हा वाढू लागले, तर दोष बहुधा सेंद्रिय रसायनांचा असतो. धातूंना बांधून ठेवणारे द्रव्य घातल्यावर ते सावरले, तर संशय धातूंकडे जातो. त्यानंतर नेमके काय शोधावे, हे रसायनतज्ज्ञांना कळते.

एक गोष्ट मात्र आम्ही आवर्जून सांगू इच्छितो. शैवाल उत्तम वाढले म्हणजे पाणी पिण्यास योग्य आहे, असा अर्थ कदापि काढू नये. रोगजंतू या परीक्षेत दिसत नाहीत. खतांमधून झिरपलेले नायट्रेट हे तर शैवालाचे अन्नच आहे. तान्ह्या बाळांना मात्र तेच घातक ठरते, म्हणून पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमहून अधिक नायट्रेट असू नये, असे भारतीय मानक सांगते. फ्लोराइड व आर्सेनिक यांचे दुष्परिणाम वर्षानुवर्षे पाणी प्यायल्यावर प्रकट होतात. तीन दिवसांची परीक्षा त्यांविषयी ग्वाही देऊ शकत नाही. म्हणून रासायनिक आणि जंतुविषयक तपासणीला शैवालाची जोड द्यावी. एकीच्या जागी दुसरी चालणार नाही.

आपल्या राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत पाण्याची रासायनिक व जंतुविषयक तपासणी होते. गावाजवळ कारखाना किंवा कचराभूमी असेल, तर पाण्यास रंग येण्याची वाट न पाहता ग्रामस्थांनी ही तपासणी नियमितपणे मागावी आणि अहवाल जपून ठेवावेत. अहवाल निर्दोष असूनही शंका उरत असेल, तर सजीवांवर आधारलेल्या परीक्षेचा आग्रह धरावा. नदीच्या मानाने भूजल फार सावकाश सरकते. त्यात मुरलेले विष दशके टिकू शकते आणि ते काढण्याचा खर्च गावाच्या आवाक्याबाहेरचा असतो. ७२ तासांत मिळणारी ही साक्ष वेळेवर घेतली, तर पुढच्या पिढीची विहीर वाचू शकेल.