थायरॉइड जास्त काम करू लागला, तर...

● काय होते? गळ्यातील थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त संप्रेरके सोडते. सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे ग्रेव्हज आजार. त्यात शरीराची प्रतिकारयंत्रणाच ग्रंथीला चेतवत राहते.

● लक्षणे : भूक असूनही वजन घटणे, छातीत धडधड, हात थरथरणे, उकाडा सहन न होणे, वारंवार शौचाला लागणे, झोप उडणे. वयस्कर माणसांत कधी नुसता थकवा आणि हृदयाचे अनियमित ठोके.

● तपासणी : रक्तात टीएसएच कमी आणि टी-३, टी-४ वाढलेले आढळतात. बायोटिनच्या गोळ्यांमुळे अहवाल चुकू शकतो. घेत असाल तर आधी सांगा.

● उपचार : कार्बिमाझोलच्या गोळ्या (ग्रेव्हजमध्ये साधारण १२ ते १८ महिने), किरणोत्सारी आयोडीन किंवा शस्त्रक्रिया. धडधड कमी करण्यासाठी प्रोप्रानोलॉल. बरे वाटले तरी गोळ्या स्वतःहून सोडू नका.

● दुर्लक्ष नको : कार्बिमाझोल सुरू असताना ताप आला, घसा दुखला किंवा तोंड आले, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, पांढऱ्या पेशी तपासणे गरजेचे असते.

● आधीच बोला : मूल हवे असेल तर औषधाबद्दल डॉक्टरांशी आधी चर्चा करा. सिगारेट, बिडी सोडा. ग्रेव्हजमधला डोळ्यांचा त्रास धूम्रपानाने बळावतो.