दहा श्वासांना एक मणी

मूलहून सावलीमार्गे वैनगंगा ओलांडली की गडचिरोली. बालमृत्यूंबद्दलचं जगाचं वैद्यकीय धोरण बदलायला लावणारे प्रयोग याच जिल्ह्यातल्या खेड्यांत झाले, हे आपल्याकडे पुरेसं सांगितलं जात नाही.

न्यूमोनियात फुप्फुसं सुजून ताठर होतात, प्राणवायू कमी पडतो आणि ती तूट भरून काढायला बाळ उथळ, भराभर श्वास घेतं. दोन महिन्यांखालच्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास म्हणजे धोका. पण गावातल्या निरक्षर दाईला साठपर्यंत मोजता येत नसेल तर? डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने त्यावर साधं यंत्र काढलं. मण्यांच्या दोन ओळी, एक तान्ह्यांसाठी, दुसरी थोड्या मोठ्या मुलांसाठी. सोबत एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ओळीतला शेवटचा, लाल मणी सरकला, की औषध सुरू. मोजायचं फक्त दहापर्यंत. १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये 'सर्च'चे निष्कर्ष आले: गावपातळीवर उपचार मिळालेल्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू इतर गावांपेक्षा ५४ टक्के कमी होते.

खरा वाद पेटला तो पुढच्या पावलावर. नवजात बाळाला जंतुदोष झाला, तर गावातल्याच प्रशिक्षित आरोग्यदूत बाईने घरी जाऊन जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन द्यायचं! सुई डॉक्टर-नर्सच्याच हाती हवी, असा आक्षेप होता. तो गैर नव्हता. चुकीचा डोस बाळाच्या कानांना आणि मूत्रपिंडांना इजा करू शकतो. उत्तर आकड्यांनी दिलं. ३९ गावांत हा उपक्रम चालला, ४७ गावं तुलनेसाठी होती. १९९९ च्या 'लॅन्सेट'मधल्या अहवालानुसार तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली आला होता.

२००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने नवजात बाळांसाठी गृहभेटींची शिफारस केली. २०११ पासून देशभरातल्या आशाताई अशा भेटी देऊ लागल्या. इंजेक्शन मात्र त्यांच्या हाती आलं नाही. २०१४ मध्ये ठरावीक परिस्थितीत ते देण्याची मुभा मिळाली ती एएनएमला, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसविकेला. दवाखाना जवळ असेल तिथे हे योग्यच आहे. पण पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की याच जिल्ह्यातल्या भामरागडचा रस्ता बंद होतो आणि जंतुदोष झालेलं बाळ पाणी ओसरायची वाट पाहू शकत नाही. अशा गावांतल्या आशाताईंना कसून प्रशिक्षण द्यावं, त्यांच्यावर देखरेख ठेवावी आणि जेंटामायसिन त्यांच्या हाती द्यावं. त्यासाठीचा पुरावा गडचिरोलीने १९९९ सालीच दिला आहे.