उमरग्याहून हैदराबाद: जोडीनं शहर पाहायचं तर

आजचा विषय एका फोनमुळे ठरला. माझ्या पुतण्याचं नुकतंच लग्न झालंय. दोघांनाही नोकरीतून मिळून दोनच दिवसांची सुट्टी. घरचे म्हणाले महाबळेश्वरला जा, मित्र म्हणाले गोव्याला जा. यानं उमरग्याहून हैदराबादची गाडी धरायचं ठरवलं आणि मला विचारलं, "काका, दोन दिवसांत काय काय बघावं?" मी फोनवर जे उत्तर दिलं ते फार लांबलं. त्याचं हे व्याख्यान झालं.

आधी एक विचारतो. इथं बसलेल्यांपैकी हैदराबादला कोण कोण जाऊन आलंय? बघा, जवळजवळ सगळे हात वर. आता नुसतं फिरायला, बायकोला किंवा नवऱ्याला घेऊन कोण गेलं होतं? चार. बाकीचे दवाखान्याला, नाहीतर माल आणायला. उमरगा, लोहारा, तुळजापूर या पट्ट्याचं आणि हैदराबादचं नातं असंच कामापुरतं उरलंय. पण 1956 पर्यंत ती आपली राजधानी होती. आपला सारा तिकडे जायचा, हुकूम तिकडून यायचे, कोर्टाची शेवटची पायरी तिथं होती. मुंबई आपल्या वाट्याला आली ती 1956 च्या नोव्हेंबरात. म्हणून मी पुतण्याला म्हटलं, पाहुण्यासारखं बघू नकोस. आजोबांच्या वाटणीचं घर बघायला गेल्यासारखं बघ.

आणि सुरुवात चारमिनारपासून करायची नाही, नळदुर्गपासून करायची. उमरग्याच्या माणसाला हे उलट्या दिशेला पडतं, हे मान्य. पण सोलापूरकडून येणाऱ्याला तर ते वाटेवरच आहे. किल्ल्यातला पाणीमहाल आपण शाळेच्या सहलीत पाहिलेला असतो. बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात बांधलेला, 1613 चा, आदिलशाही काळातला. पावसाळ्यात बंधाऱ्यावरून पाणी कोसळतं आणि आतला माणूस कोरडा राहतो, एवढं आपल्याला माहीत असतं. पण 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौज सोलापूरकडून निजामाच्या हद्दीत शिरली तेव्हा पहिली मोठी चकमक याच नळदुर्गला झाली. बोरी नदीवरचा पूल उडवला जाण्याआधी फौजेनं ताब्यात घेतला, म्हणून पुढची वाट मोकळी झाली. मग उमरगा, जहीराबाद करत हैदराबाद. पाच दिवसांत सगळं संपलं. आज आपली गाडी ज्या रस्त्यानं जाते तो साधारण तोच रस्ता. खिडकीजवळ बसलेल्या नव्या नवरीला हे सांगायला हरकत नाही. नाहीतर झोपच लागते त्या रस्त्यावर.

पहिल्या दिवशी दुपारनंतर गोवळकोंडा. ऊन उतरल्यावर जा, वर बालाहिसारपर्यंत साडेतीनशेच्या वर पायऱ्या आहेत. फतेह दरवाज्याच्या घुमटाखाली टाळी वाजवली की जवळजवळ किलोमीटरभर लांब, वर बालाहिसारला ऐकू येते. वाईड सगळ्यांना तीच टाळी वाजवून दाखवतो. तुम्ही एक करा: एकानं खाली थांबायचं, दुसऱ्यानं वर जायचं, आणि वेळ ठरवून टाळी वाजवायची. मोबाईलवर बोलायचं नाही. मजा त्यात आहे. ही काही करमणुकीची सोय नव्हती. दरवाज्यावर कोण आलंय ते वर कळावं, यासाठीची ती व्यवस्था असं मानतात.

1677 मध्ये शिवाजी महाराज दक्षिणेच्या मोहिमेवर जाताना याच कुतुबशहाला भेटले. आपल्या जुन्या कागदांतलं भागानगर ते हेच. त्या वेळचा सुलतान अबुल हसन, लोक त्याला तानाशहा म्हणत. मादण्णा आणि आकण्णा हे दोघे भाऊ त्याचे कारभारी. दहा वर्षांनी, 1687 मध्ये, औरंगजेबानं आठ महिने वेढा घालून किल्ला घेतला, तोही फितुरीनं दरवाजा उघडला म्हणून. पुढे तानाशहाला कुठं ठेवलं? आपल्या दौलताबादला, चिनी महालात. तिथंच तो मेला. वेरूळला जाताना आपण जो चिनी महाल ओलांडून पुढं जातो, त्या गोष्टीचं पहिलं पान गोवळकोंड्याला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सालारजंग संग्रहालय. शुक्रवारी बंद असतं, चौमहल्ला राजवाडाही शुक्रवारी बंद. हे लिहून ठेवा. तिसरा सालारजंग, मीर युसूफ अली खान, हा काही काळ निजामाचा दिवाण होता. त्यानं आणि त्याच्या घराण्यानं जमवलेल्या वस्तू 1951 मध्ये लोकांसाठी खुल्या केल्या. सगळं बघायचा हट्ट धरू नका, पाय मोडतील. 'व्हील्ड रेबेका' नावाचा संगमरवरी पुतळा आहे, इटलीच्या बेंझोनीचा. पहिल्या सालारजंगानं 1876 मध्ये आणला. होणाऱ्या नवऱ्याला लांबून पाहिल्यावर जी चेहऱ्यावर पदर ओढून घेते, ती ही मुलगी. दगडाचा पदर आणि त्यातून नाक-डोळे दिसतात! जवळ जाऊन बघा, हात लावू नका. मग बाराच्या आधी घड्याळापाशी या. तासातासाला एक बुटका दाढीवाला बाहेर येतो आणि टोल देतो. बाराला बारा टोल पडतात, म्हणून गर्दी तेव्हा.

चारमिनार 1591 चा, शहराच्या स्थापनेचा. महम्मद कुली कुतुबशहा आणि भागमती यांची प्रेमकथा तुम्हाला तिथला प्रत्येक रिक्षावाला सांगेल. भागमती खरंच होती का, यावर इतिहासकारांत एकमत नाही. ऐकून घ्या, वाद घालू नका. शेजारचा लाड बाजार म्हणजे लाखेच्या बांगड्यांचा बाजार. तिथं माझी स्वतःची एक आठवण आहे, ती सांगतो.

1974 ची गोष्ट. माझे आई-वडील पहिल्यांदा, आणि शेवटचंच, फिरायला म्हणून हैदराबादला गेले. मी बरोबर होतो, दहा वर्षांचा. वडील जायला तयार नव्हते. रझाकारांच्या दिवसांत ते शाळकरी पोर होते, घर बंद करून सगळे सोलापूरच्या बाजूला पळाले होते. परत आले तेव्हा घरात काही उरलं नव्हतं. त्या शहराचं नाव काढलं की ते गप्प व्हायचे. आई सोलापूरकडची, म्हणजे इंग्रजी मुलखातली. तिला हे माहीत होतं, पण तिनं अनुभवलेलं नव्हतं. तिला चारमिनार बघायचा होता, बस्स.

लाड बाजारात आई बांगड्या बघत होती आणि वडील समोरच्या दुकानाची पाटी वाचायला लागले. मोठ्यानं. उर्दूत. आई त्यांच्याकडं बघतच राहिली. लग्नाला सोळा वर्षं झाली होती आणि नवऱ्याला उर्दू वाचता येतं हे तिला ठाऊक नव्हतं. आपल्याकडं निजामाच्या शाळेत उर्दू शिकावंच लागायचं. 48 नंतर त्यांनी ते कधी तोंडातून काढलं नव्हतं. म्हातारा बांगडीवाला म्हणाला, "कहाँ के?" वडिलांनी जिल्ह्याचं नाव सांगितलं. तेव्हा उस्मानाबादच होतं ते. तो म्हणाला, "फिर तो हमारेच हैं ना."

आता हा 'च' बघा. "हमारेच", "अभीच", "ऐसाच". दखनीतला हा 'च' आपल्या मराठीचा. लखनौच्या उर्दूत तो सापडायचा नाही. साडेतीनशे-चारशे वर्षं शेजारी राहिल्याशिवाय असलं एकाक्षरी कर्ज कोणी घेत नाही. त्या दिवशी परतीच्या गाडीत वडील आईला एकेक पाटी वाचून दाखवत होते. रझाकारांबद्दल ते पुढंही गप्पच राहिले, तो भाग वेगळा.

वेळ उरला तर दोन जागा. उस्मानिया दवाखान्याच्या आवारात चिंचेचं एक जुनं झाड आहे. सप्टेंबर 1908 मध्ये मुसी नदीला महापूर आला तेव्हा त्यावर चढून दीडशेच्या आसपास माणसं वाचली. दवाखान्यात आपण इतक्या वेळा जातो, झाड बघत नाही. आणि दुसरी बेगमपेठेतली स्वामी रामानंद तीर्थांची समाधी. लोहारा तालुक्यातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत ते शिकवत होते, पुढं हैदराबाद संस्थानाच्या मुक्तिलढ्याचे नेते झाले आणि 1972 मध्ये हैदराबादलाच गेले. हिप्परग्याच्या माणसानं तरी तिथं डोकं टेकवून यावं.

पुतण्याचं काय झालं म्हणता? गेले दोघं. शुक्रवारी पोचले! संग्रहालय बंद, राजवाडा बंद. मी फोनवर सांगितलेलं कुठं गेलं, विचारू नका. मग गोवळकोंड्याला टाळ्या वाजवत बसले आणि इराणी चहा, उस्मानिया बिस्किटं खाऊन आले.

हां, मागून विचारतायत, वडील चारमिनारवर चढले का? नाही. आई मला घेऊन चढली, ते खालीच थांबले. आम्ही उतरल्यावर त्यांनी विचारलं, "काय दिसतंय वरून?" आई म्हणाली, "माणसंच माणसं. तुम्ही पण दिसलात."